खाते क्रमांक दोनशे चौदा, वय सत्तावीस

"माझ्या सुशांतला दुसरं झालं, त्याचं बारसंही झालं, आणि तुमचं मंडळ त्याला अजून मुलींचे फोटो पाठवतंय. सून काल जेवली नाही माझी."

सुनंदाबाई गावकर हे अगदी दबक्या आवाजात बोलल्या. वधूवर मंडळात कुणीच मोठ्याने बोलत नाही. घाटकोपरच्या त्या मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. पण मंडळाचं ऑफिस आणि मंडळाचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये जी प्लायवूडची फळी आहे, ती नजर अडवते, शब्द नाही. फळीच्या अलीकडे बसलेल्या अक्षता तावडेला सूनबाईंच्या उपासासकट सगळं ऐकू आलं.

फळीपलीकडे मंडळाचे संस्थापक-सचिव नंदकिशोर सामंत, म्हणजे सगळ्यांचे नंदूकाका, म्हणाले की ही चूक कॉम्प्युटरची आहे, माणसांची नाही. गेली अकरा वर्षं ते हेच म्हणत आले होते. मंडळात कॉम्प्युटर म्हणजे अक्षता, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तिला दरवेळी थोडं लागायचं.

लागायचं, कारण तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कॉमर्सची पदवी, नंतर एका छापखान्यात हिशेबनीस, तो बंद पडल्यावर इथे. बाकी सगळं ती व्हिडिओ बघून आणि दोनशे पानी वहीत लिहून काढून स्वतःच शिकली होती. कॉम्प्युटरवरच्या ज्या पॅनेलवर मंडळाची साडेअकराशे खाती चालत, ते बनवलं होतं प्रबुद्ध कांबळेने. हा तिचा कॉलेजातला मित्र, राहायला चेंबूरला, नोकरी पवईला. मैत्रीखातर त्याने शनिवार-रविवार खर्ची घालून ते करून दिलं. त्याचं स्वतःचं लग्न पंचांग न उघडता झालेलं आणि उत्तम चाललेलं, त्यामुळे चातुर्मासाचा नियम नंदूकाकांना त्याला तीन वेळा समजावून सांगावा लागला होता.

तो नियम असा. मंडळाचं खातं एक वर्षाचं. पण चातुर्मासात मुहूर्त नसतात, मुहूर्त नसताना स्थळं बघून उपयोग काय, म्हणून ते चार महिने मंडळ धरत नाही. मुदतीत चार महिने वाढवून देतं. नंदूकाकांना या नियमाचा फार अभिमान. आपल्याइतकं न्यायाने वागणारं मंडळ ठाण्यापर्यंत नाही, असं ते म्हणत.

आता कुणी विचारेल, लग्न झाल्यावर लोक स्वतःच खातं बंद का करत नाहीत. फॉर्मवर तसं छापलेलं आहे. आजवर एकानेही ते पाळलेलं नाही. जमलं म्हणून सांगितलं तर दृष्ट लागते. आणि दृष्टीची भीती जाईपर्यंत, म्हणजे साधारण पहिलं मूल रांगायला लागेपर्यंत, मंडळ आठवणीतून गेलेलं असतं. म्हणून तर मुदत हवी. मुदत संपली की खातं आपोआप मिटतं, कुणाला काही बोलावं लागत नाही.

तर सुनंदाबाई गेल्यावर अक्षताने सुशांत गावकरचं खातं उघडलं. मुदत: सतरा ऑगस्ट दोन हजार सत्तेचाळीस. तिने खातं मिटलं, वहीत टिपायला पेन शोधलं, पेन सापडल्यावर पुन्हा उघडलं. मुदत: सतरा डिसेंबर दोन हजार सत्तेचाळीस.

पेन शोधेपर्यंत चार महिने वाढले होते.

तिला वाटलं आपला चष्मा बदलायला झाला. तिसऱ्यांदा उघडलं, तर साल अठ्ठेचाळीस. मग तिने खुर्ची जरा मागे घेतली, कॉम्प्युटर अंगावर येईल की काय अशी. हळूहळू उलगडा झाला तो असा, की चातुर्मासाचे चार महिने वर्षातून एकदा वाढायला हवे होते. पॅनेल ते वाढवत होतं खातं उघडून बघितलं की प्रत्येक वेळी. म्हणजे ज्याच्याकडे लोक जास्त बघणार, तो जास्त जगणार. बॉस्टनला स्थायिक, गोरापान, चष्मा नसलेला एक मुलगा एकवीसशे एकतीस सालापर्यंत लग्नाचा राहणार होता. आणि ज्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, ती गरीब बिचारी खाती वेळच्या वेळी शिस्तीत संपली होती.

अक्षताने सगळी यादी मुदतीप्रमाणे लावली आणि बघत खाली आली. वर सगळे डॉक्टर, परदेशस्थ आणि एकुलते एक. मग मध्येच एक खातं होतं ज्याचं तिथे काही काम नव्हतं. क्रमांक दोनशे चौदा. तावडे अक्षता सीताराम, मुलुंड पूर्व, बी. कॉम., वय सत्तावीस. मुदत दोन हजार एकोणसाठ.

वय सत्तावीस, कारण मंडळात वय वाढत नाही. नंदूकाका नक्षत्र मंडळापुरतं लिहून घेत, पण फॉर्मवर जन्मतारीख त्यांनी ठेवलीच नव्हती. तारीख दिली की लोक परस्पर पत्रिका जुळवतात आणि मंडळाला विचारत नाहीत. वयाचा आकडा एकदा लिहिला की लिहिला. हे खातं तिच्या वडिलांनी एकोणीस वर्षांपूर्वी भरलेलं. अक्षता आज शेहेचाळीसची.

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. खातं पॅनेलवर चढलं दोन हजार चौदाला, म्हणजे नियमाने पंधराला संपायला हवं होतं. वाढलेली वर्षं चव्वेचाळीस. वर्षाला तीन वेळा चार महिने, म्हणजे एकशे बत्तीस वेळा कुणीतरी ते उघडायला लावलं होतं. अकरा वर्षांचे महिने किती? एकशे बत्तीस.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा मुलुंडहून बसने एकटे यायचे. मुलगी त्याच ऑफिसात कामाला असूनही रीतसर नंबर लावून बाकावर बसायचे आणि नंबर आला की फळीपलीकडे नंदूकाकांना विचारायचे, आमचां काय? नंदूकाका आपल्या स्क्रीनवर खातं उघडायचे आणि म्हणायचे, बघतोय, तावडे, बघतोय. दोन हातांच्या अंतरावर अक्षता टायपिंग करत असायची. संध्याकाळी घरी तिघंही जेवायला बसत, आणि आई भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायची. या विषयावर त्या घरात शेवटचं वाक्य बोललं गेलं त्याला दहा वर्षं झाली असतील. अक्षताला लग्न करायचं नव्हतं. काही दुःखद कारण नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. ती आहे तशी बरी होती, एवढंच. पण हे एवढंसं वाक्य ऐंशीच्या घरातल्या बाबांच्या तोंडावर कसं म्हणायचं, ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

आणि ही चूक दुरुस्त झाली की दोनशे चौदा आपोआप मिटणार होतं. पुढच्या पहिल्या रविवारी बाबांना पडद्यावर "मुदत पूर्ण" दिसेल. कॉम्प्युटर सांगेल. कुणालाच काही बोलायला नको. अक्षताने त्या क्षणी ठरवलं की ही दुरुस्ती आपणच करायची.

मंडळात मात्र काहीही "करायचं" म्हटलं की ठराव लागतो. कार्यकारिणी सात जणांची. पहिल्या सभेला तिघं आले. दुसऱ्या सभेला सगळे आले, पण नंदूकाका पॅनेलवरच्या "एक्स्पायर" या बटणापाशी अडले. मंगल कार्यात हा शब्द? उद्या एखादी वरमाय पडद्याकडे बघेल आणि मुलाच्या नावापुढे एक्स्पायर्ड वाचेल, तर तिला कोण सावरणार? सव्वा तास चर्चा झाली. "समाप्त" अशुभ ठरला, "बाद" अपमानकारक, "निवृत्त" म्हटलं तर पेन्शन मागतील. अखेर "सदर खाती सन्मानपूर्वक विश्रांत करण्यात यावीत" असा ठराव एकमताने झाला, आणि बटणाचं नाव बदलायचं काम अक्षताच्या वहीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ चुकीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये बातमी तिच्याआधी पोचली. दुसऱ्या मजल्यावरच्या कमलमावशींनी जिन्यात गाठून सांगितलं, की यंत्राला दृष्ट लागते गं, लग्नाळू लोकांच्या नजरा, मिरच्या ओवाळून टाक. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा. त्यांनी बत्तीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं आणि बँक अजून उभी आहे. वॉचमन म्हणाला, डिलीट मार दो ना मॅडम. सगळे सल्ले देऊन झाल्यावर कमलमावशींनी विचारलं, त्यात तुझंही असेल ना गं खातं? आणि उत्तराची वाट न बघता भराभर जिना चढून गेल्या. विचारून बसलो, याचा त्यांनाच जास्त धक्का बसला असावा.

कामाचं बोलला तो फक्त प्रबुद्ध. फोनवर आधी त्याने आपल्या चुकीबद्दल एक लांब श्वास घेतला. मग सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी मी हे लिहिलं? वाट लागली यार. ऐक, आधी सगळ्याची कॉपी घे. दुरुस्ती कॉपीवर चालव. दोन दिवस नुसतं बघ. खऱ्यावर चालवायच्या आधी मेसेज जाणं बंद कर. आणि घाई करू नकोस. अक्षताने पाचही गोष्टी वहीत लिहिल्या, खाली रेघ मारली.

तिने दुरुस्ती लिहिली, आणि चांगली लिहिली. कॉपी घेतली. कॉपीवर चालवून बघायचा दिवस ठरवला दसऱ्यानंतरचा शनिवार.

पण नंदूकाकांनी दसरा बघितला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यात दुपारचा विजयमुहूर्त, शस्त्रपूजेचा दिवस. मंडळाचं शस्त्र कोणतं? त्या दिवशी अक्षता ऑफिसला पोचली तेव्हा कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता, स्क्रीनच्या कपाळावर हळदकुंकू होतं, की-बोर्डवर आपट्याची पानं पसरली होती आणि पहिल्या सभेला तिघंच आलेली कार्यकारिणी सातही जणांनिशी पेढ्यासाठी हजर होती. नंदूकाका म्हणाले, चालव.

तिने सांगितलं की आधी कॉपीवर. नंदूकाकांना हे समजेना. पूजा खऱ्याची झाली आहे. मुहूर्त खऱ्यासाठी काढला आहे. शनिवारी कॉपीवर चालवून खऱ्यावर त्यानंतर चालवायचं म्हणजे लग्न बाहुलीशी लावून नवरीला नंतर बोलावण्यासारखं आहे. शिवाय मुहूर्ताची अकरा मिनिटं उरली होती. सात माणसं तिच्याकडे बघत होती. वहीतली पाच वाक्यं तिला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्यांच्यामागे दोन हजार एकोणसाठ साल दिसत होतं. पुढचा पहिला रविवार तीन दिवसांवर होता. ती म्हणाली, ठीक आहे. बटण नंदूकाकांनी दाबलं, उजव्या हाताच्या अनामिकेने, कुंकू लावतात तसं.

तीन मिनिटं सगळं झकास चाललं. साडेअकराशे खात्यांच्या तारखा नव्याने मोजल्या गेल्या. बॉस्टनचा मुलगा एकवीसशे एकतीसवरून दोन हजार अठरावर आला. पेढे वाटले गेले.

अक्षताच्या हातात पेढा असतानाच टेबलावरचा फोन वाजला. मग नंदूकाकांच्या खिशातला. मग कार्यकारिणीतल्या बाकी सगळ्यांचे, एकामागून एक, आरतीला टाळ्या मिळाव्यात तसे.

झालं होतं असं, की खात्याची मुदत नव्याने लागली म्हणजे खातं नव्याने आलं, अशी पॅनेलची समजूत. खातं नव्याने आलं की ते अनुरूप स्थळांना कळवायचं, हे त्याला अकरा वर्षांपूर्वी शिकवलेलं. त्यामुळे मिटण्याआधी प्रत्येक खात्याने आपण आल्याचा निरोप चहूकडे पाठवला होता. मुहूर्ताच्या गडबडीत वहीतली चौथी गोष्ट, मेसेज बंद करण्याची, राहून गेली होती.

पहिला फोन सुनंदाबाईंचा. त्यांची सूनही लग्नाआधी याच मंडळात होती. तिला आज दुपारी नवीन स्थळ म्हणून तिचाच नवरा आला होता, उत्पन्नाच्या आकड्यासकट, आणि तो आकडा घरी सांगितलेल्या आकड्याहून बराच मोठा होता. डोंबिवलीच्या एका गृहस्थांना त्यांच्या घटस्फोटित पत्नीचं स्थळ आलं, छत्तीसपैकी तेहेतीस गुण जुळून. बोरिवलीच्या एक आजी फोनवर नुसत्याच हसत राहिल्या; त्यांचा मुलगा पन्नाशीचा, त्याला एकतीस मुली सुचवल्या होत्या. कार्यकारिणी एकेक करून चपला घालत गेली. नंदूकाका झेंडूच्या हाराकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, बघ अक्षता, मी म्हणत होतो ना, चूक कॉम्प्युटरची असते.

अक्षताला रडू यायला हवं होतं. पण ती इतकी हादरली होती की रडण्यापर्यंत पोचेना. दोन दिवस ती फोनवर माफी मागत राहिली, शंभरेक घरांची, एकाच स्वरात. आपलं खातंही त्या साडेअकराशेत होतं हे तिला सुचलंच नाही. दुसऱ्याच्या घरची आग विझवणाऱ्याला आपल्या पदराचं भान नसतं, तसं.

ते सुचलं रविवारी दुपारी चारला. पहिला रविवार असूनही बाबा मंडळात आले नव्हते. ती घरी परतली तर स्वयंपाकघरात आई ओलं खोबरं खवत होती, पोह्यांवर घालायला. काचेच्या कपाटातले सोनेरी काठाचे कप बाहेर आले होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते.

आईने खवणीवरून नजर न उचलता सांगितलं. काल फोन आला. चेंबूरचे लोक. मुलगा देवेश, एकोणतीसचा, मोठ्या कंपनीत. मंडळातून स्थळ आलं, आवडलं, भेटायचं म्हणाले. इतक्या वर्षांनी फोन वाजला गं. ह्यांच्या तोंडून "या" निघून गेलं.

"आणि वय, आई?"

"ते त्यांनी विचारलं नाही. लिहिलेलं होतं ना."

बेल वाजली. दार अक्षतानेच उघडलं. देवेशची आई मोतिया रंगाच्या साडीत, मागे उंच, शांत, घामाघूम देवेश. बाईंनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं आणि विचारलं, तुम्ही मुलीच्या काकू का? अक्षता म्हणाली, पाणी आणते.

पुढची वीस मिनिटं मुलुंड पूर्वेच्या इतिहासात नोंद व्हावी अशी होती. पाच माणसं, पाच बश्या. आईने पाण्याच्या वेळा सांगितल्या. देवेशच्या आईने चेंबूरच्या पाण्याच्या वेळा सांगितल्या. दोन्हीची तुलना झाली. पोह्यांत बटाटा घालावा की नाही यावर सौम्य मतभेद होऊन मिटला. देवेशने पोहे संपवले, त्याला आणखी वाढले, तेही त्याने संपवले. अधूनमधून तो मोबाइलमधल्या फोटोकडे बघे आणि मग अक्षताकडे, आणि त्याच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटत होती; पण मुलगा घरंदाज, त्याने ती रुमालाने पुसली. भिंतीवर अक्षताचा पदवीचा फोटो होता, मोबाइलमध्ये होता तोच. देवेशच्या आईने तो बघितला, कौतुक केलं, आणि त्या दाराच्या पडद्याकडे नजर लावून बसल्या, की आता हलेल.

अक्षताला वाटलं, आता बोलावं. शब्द तयार होते, तीनच होते: मला लग्न नको. पण तिने बाबांकडे बघितलं. त्यांनी पोह्यांना हात लावलेला नव्हता. ताठ बसलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, ते गळ्याला रुतत होतं. एकशे बत्तीस रविवार तिला त्या बटणापाशी दिसले. तिने सगळ्यांना आणखी पाणी दिलं.

शेवटी देवेशच्या आईने बशी खाली ठेवली, पदर नीट केला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "मुलगी तयार होतेय का? आम्हाला तशी घाई नाही हो."

आईने पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी गळ्याचं बटण काढलं, शेजारचं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि म्हणाले, "अक्षू, बस गो हय."

ती बसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. बरीच वर्षं पाठ केल्यासारखं, चेंबूरच्या पाहुण्यांना कळेल की नाही याची फिकीर न करता, आपल्या गावच्या बोलीत बोलले.

"ह्यांच तां चेडू. शेचाळीस वर्सांचां. आणि तिका लगीन करूचां नाय. तिणा कधी सांगूक नाय, पन माका धा वर्सां झाली, म्हायत आसा."